शब्द सापडतो, अर्थ निसटतो

इंग्रजी वाचनाच्या परीक्षेची तयारी करून घेणाऱ्या बहुतेक शिकवणी वर्गांत सुरुवातीलाच एक गुरुमंत्र दिला जातो. उतारा वाचण्यात वेळ दवडू नका. आधी प्रश्न पाहा, त्यातील महत्त्वाच्या शब्दाखाली, म्हणजे ‘कीवर्ड’खाली रेघ ओढा, तो शब्द उताऱ्यात शोधून काढा आणि ज्या वाक्यात तो सापडेल त्यातून उत्तर उचला. परदेशी विद्यापीठांसाठीची आयईएल्टीएस आणि टोफेल, व्यवस्थापन संस्थांसाठीची कॅट, बँकांच्या भरती परीक्षा, इतकेच काय पण शालान्त परीक्षेतील इंग्रजीचे उतारे, या सर्वांवर हाच एक रामबाण उपाय म्हणून सांगितला जातो. तो पूर्णपणे खोटा नाही, आणि म्हणूनच तो अधिक फसवा आहे. कीवर्डमुळे उत्तराची जागा सापडते. उत्तर सापडतेच असे नाही. या दोहोंतील फरक ज्याला सांगितला जात नाही, त्या परीक्षार्थीला त्याची किंमत मोजावी लागते.

ही किंमत किरकोळ नाही. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२४ मध्ये परदेशात शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या १३ लाखांहून अधिक होती. त्यांतील मोठ्या संख्येला कोणती ना कोणती इंग्रजी परीक्षा ओलांडूनच जावे लागते. ब्रिटनमध्ये परिचारिका म्हणून नोंदणी हवी असेल आणि त्यासाठी आयईएल्टीएसचा मार्ग निवडला असेल, तर वाचनात सात बँड आवश्यक असतात. या परीक्षेच्या संयोजकांनी प्रसिद्ध केलेल्या सर्वसाधारण कोष्टकानुसार शैक्षणिक वाचनाच्या ४० प्रश्नांपैकी २३ बरोबर आले तर सहा बँड मिळतात आणि ३० बरोबर आले तर सात. म्हणजे नोकरी आणि नकार यांच्यामध्ये अवघे सात प्रश्न उभे असतात. कीवर्डचे तंत्र परीक्षार्थीला बहुधा या सात प्रश्नांच्या अलीकडे आणून सोडते. त्यापुढचा रस्ता वाचनाचा असतो.

तंत्राचा उगम

कीवर्ड ही कल्पना मुळात परीक्षेची नव्हे, तर ग्रंथालयाची. हजारो लेखांतून आपल्या कामाचा लेख कोणता, हे ठरविण्यासाठी तिचा उपयोग होऊ लागला. आयबीएम कंपनीतील हान्स पीटर लून या संशोधकाने १९५० च्या दशकात लेखातील वारंवार येणारे शब्द मोजून यंत्राकरवी लेखाचा गोषवारा काढण्याची आणि शब्दसूची तयार करण्याची पद्धत मांडली. पुढे इंटरनेटवरील शोधयंत्रांनी हीच कल्पना घराघरांत पोहोचवली. तिच्या मुळाशी एक साधे गृहीत आहे : शब्द जिथे असेल तिथे विषय असण्याची शक्यता अधिक. लेख निवडण्यापुरते हे गृहीत पुरेसे ठरते. निवडलेला लेख काय म्हणतो हे कळण्यासाठी मात्र तो वाचावाच लागतो, आणि हे लूनलाही मान्यच असणार.

झरझर नजर फिरवून हवे ते हेरणे हे वाचनाचेच एक कौशल्य आहे, यात शंका नाही. रेल्वेचे वेळापत्रक कोणी पहिल्या पानापासून वाचत नाही. शब्दकोश अथपासून इतिपर्यंत वाचणारा विरळाच. ब्रिटिश भाषातज्ज्ञ सिरिल वीअर यांनी वाचनकौशल्याच्या विवेचनात काळजीपूर्वक वाचन आणि जलद, शोधक वाचन असे दोन प्रकार स्पष्टपणे वेगळे केले. चांगला वाचक दोन्ही करतो आणि कोणत्या वेळी कोणते करायचे हेही जाणतो. आरोग्यसेवेतील व्यक्तींसाठी असलेल्या ओईटी या परीक्षेत हा भेद मांडणीतच दिसतो. तिच्या वाचनविभागाच्या पहिल्या भागात चार छोटे मजकूर आणि २० प्रश्न असतात व त्यासाठी १५ मिनिटे मिळतात. औषधाची मात्रा चटकन शोधता येणे ही रुग्णालयातील खरी गरज असल्याने तेथे शोधक वाचनच तपासले जाते. उरलेल्या दोन भागांतील २२ प्रश्नांसाठी मात्र ४५ मिनिटे दिली जातात, कारण तेथे मजकुराचा अर्थ समजून घ्यायचा असतो. शिकवणी वर्गांची चूक शोधक वाचन शिकवण्यात नाही. तेवढेच शिकवून थांबण्यात आहे.

प्रश्नकर्त्यालाही तंत्र ठाऊक असते

परीक्षार्थी कीवर्ड शोधणार, हे प्रश्न तयार करणाऱ्यांना ठाऊक असते. त्यामुळे ते प्रश्नात उताऱ्यातील शब्द सहसा तसेच ठेवत नाहीत. उताऱ्यात ‘शेतकरी’ असेल तर प्रश्नात ‘जमीन कसणारे’ येतात. उताऱ्यात ‘किमती निम्म्यावर आल्या’ असे असेल तर प्रश्नात ‘मोठी घसरण’ येते. शब्दांतराच्या या चाळणीतून विशेषनामे, सनावळ्या, आकडे आणि पारिभाषिक संज्ञा तेवढ्या सहीसलामत सुटतात. असा शब्द हाती असेल तर तंत्र उत्तम चालते. तो नसेल तर परीक्षार्थी उताऱ्यात जो शब्द नाहीच, तो शोधत मौल्यवान मिनिटे घालवतो.

याहून कठीण प्रसंग म्हणजे शब्द सापडतात, पण अर्थ उलटा असतो. समजा, एखाद्या उताऱ्यात असे लिहिले आहे : ‘मुंबई-ठाणे रेल्वे १८५३ साली धावू लागली, परंतु दख्खनच्या कापसाला तिचा खरा लाभ झाला तो १८६३ मध्ये बोरघाटाचा मार्ग खुला झाल्यावरच.’ त्याखालील पहिले विधान आहे : ‘१८५३ साली सुरू झालेल्या रेल्वेचा दख्खनच्या कापसाला लगेच लाभ झाला.’ १८५३, रेल्वे, दख्खन, कापूस, लाभ, असे पाचही कीवर्ड जुळतात. रेघा ओढणारा विद्यार्थी निर्धास्तपणे ‘बरोबर’ असे लिहितो आणि गुण गमावतो. कारण वाक्याचा सगळा भार ‘परंतु’ आणि ‘वरच’ या दोन लहानशा खुणांवर आहे, आणि त्यांच्याखाली कोणीही रेघ ओढत नाही.

दुसरे विधान असे समजू : ‘बोरघाटाच्या मार्गाला अंदाजापेक्षा अधिक खर्च आला.’ बोरघाट उताऱ्यात आहे, मार्ग आहे, पण खर्चाविषयी अवाक्षर नाही. आयईएल्टीएसमध्ये अशा विधानांसाठी खरे, खोटे आणि ‘उताऱ्यात दिलेले नाही’ असे तीन पर्याय असतात. यांतील तिसरा पर्याय परीक्षार्थींना सर्वाधिक छळतो, आणि ते स्वाभाविकच आहे. जे आहे ते शोधता येते. जे नाही ते शोधता येत नाही. एखादी गोष्ट मजकुरात नाही हे ठामपणे सांगायचे तर तो मजकूर आधी समजलेला असावा लागतो. या पर्यायामुळे शोधणारा आणि वाचणारा यांच्यातील फरक उघड होतो.

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत २०११ पासून आलेल्या ‘सीसॅट’ या प्रश्नपत्रिकेतील उताऱ्यांनाही हेच लागू पडते. २०१४ मध्ये या प्रश्नपत्रिकेवरून मोठे आंदोलन झाले. त्या वर्षी तिच्यातील इंग्रजी आकलनाच्या प्रश्नांचे गुण गणले गेले नाहीत आणि २०१५ पासून ही प्रश्नपत्रिका ३३ टक्क्यांच्या अटीवर केवळ पात्रतेपुरती राहिली. आंदोलनाचा रोख भाषिक अन्यायावर होता आणि त्यात तथ्यही होते. पण तेथील उताऱ्यांवर ‘यातून कोणता निष्कर्ष सर्वाधिक तर्कसंगत ठरतो’ अशा धर्तीचे प्रश्न येतात. निष्कर्ष कोणत्याही एका वाक्यात लिहिलेला नसतो. तो दोन वाक्यांच्या मधल्या जागेत असतो. तेथे कीवर्डची टॉर्च घेऊन फिरणाऱ्याच्या हाती काही लागत नाही, मग उतारा कोणत्याही भाषेत असो.

यंत्राने शिकवलेला धडा

शब्द जुळवणे आणि अर्थ लावणे यांतील अंतर किती मोठे आहे, याचा उत्तम पुरावा विद्यार्थ्यांपेक्षाही यंत्रांनी दिला आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये विकिपीडियातील उताऱ्यांवर एक लाखाहून अधिक प्रश्नांचा संच तयार केला. उतारा वाचून उत्तर द्यायचे, ही संगणकासाठीची चाचणी. संगणक प्रणाली पाहता पाहता या चाचणीत तरबेज झाल्या. त्यांना खरेच समजते काय, हे तपासण्यासाठी रॉबिन जिया आणि पर्सी लियांग यांनी २०१७ मध्ये एक साधी युक्ती केली. प्रत्येक उताऱ्याच्या शेवटी त्यांनी एक जादा वाक्य जोडले. त्यात प्रश्नातील बरेचसे शब्द होते, पण उत्तराशी त्याचा संबंध नव्हता. तेवढ्याने १६ प्रणालींचा सरासरी गुणांक ७५ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर कोसळला. पुढच्याच वर्षी या संचाच्या नव्या आवृत्तीत उताऱ्यात उत्तरच नसलेले ५० हजारांहून अधिक प्रश्न घालण्यात आले. आयईएल्टीएसमधील ‘दिलेले नाही’ या पर्यायाचेच हे भावंड म्हणायचे.

यातील विरोधाभास लक्षात घेण्याजोगा आहे. यंत्रे शब्द जुळवण्यापासून निघाली आणि एवढ्याने भागत नाही हे कळल्यावर त्यांच्या निर्मात्यांनी त्यांना वाक्यांचा परस्परसंबंध पाहायला लावले. नेमक्या त्याच काळात शिकवणी वर्ग मात्र हाडामांसाच्या विद्यार्थ्यांना वाक्यांच्या संबंधापासून दूर, शब्द जुळवण्याकडे नेत राहिले. उताऱ्याचा गोषवारा क्षणात काढून देणारी साधने आज प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहेत. शब्द शोधण्याच्या कामात माणूस यंत्राशी स्पर्धा करू शकत नाही. गोषवारा मूळ मजकुराशी प्रामाणिक आहे की नाही, हे तपासण्याचे काम मात्र माणसाकडेच राहणार आहे, आणि त्यासाठी वाचताच यावे लागते.

मुळे शाळेच्या बाकावर

अर्थात, सगळा दोष शिकवणी वर्गांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. विद्यार्थी तेथे पोहोचतो तोवर ही सवय त्याच्या अंगी मुरलेली असते. पुढील वाक्य पाहावे : ‘काल सायंकाळी तीन झिंबळ्या गुरमाटात लुटसत होत्या.’ आता प्रश्न : झिंबळ्या किती होत्या? त्या कोठे लुटसत होत्या? केव्हा? कोणताही मराठी मुलगा तीन, गुरमाटात आणि काल सायंकाळी अशी अचूक उत्तरे देईल आणि पूर्ण गुण मिळवील. झिंबळी म्हणजे काय हे त्याला ठाऊक नाही, कारण असा शब्द भाषेतच नाही. प्रश्नातील शब्द धड्यात शोधायचा आणि त्याच्या पुढचे-मागचे वाक्य वहीत उतरवायचे, अशा स्वाध्यायांवर पिढ्यानपिढ्या गुण दिले गेले. ‘अपेक्षित’ प्रश्नसंच आणि गाइडे यांनी त्यावर कळस चढवला. झिंबळ्यांसारखीच इंग्रजी वाक्येही न समजता ‘सोडवता’ येतात, हा धडा विद्यार्थी शाळेतच गिरवतो.

महाराष्ट्रात २००० साली पहिलीपासून इंग्रजी शिकवण्याचा निर्णय अमलात आला. त्यामुळे इंग्रजी लिपीची भीती गेली, शब्दांची ओळख लवकर झाली, हे मान्य करावे लागेल. पण अक्षर ओळखणे, वाक्य उच्चारणे आणि अर्थ लावणे या वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. ‘प्रथम’ या संस्थेने ग्रामीण भारतातील १४ ते १८ वयोगटाविषयी केलेल्या ‘असर २०२३’ या पाहणीत ५७.३ टक्के मुलांना इंग्रजी वाक्ये वाचता आली. वाचता येणाऱ्यांपैकी अर्थ सांगू शकणारे सुमारे तीन-चतुर्थांश होते. ही वाक्ये अगदी सोपी होती. त्याच पाहणीत सुमारे एक-चतुर्थांश मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर आपल्या प्रादेशिक भाषेतही सफाईने वाचता आला नाही. शेवटची बाब अधिक चिंतेची आहे. जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार स्वभाषेत कमावलेली वाचनाची समज परभाषेत उपयोगी पडते. चार्ल्स ऑल्डरसन यांनीही १९८४ मध्ये प्रश्न विचारला होता की, परभाषेतील वाचनाची अडचण ही वाचनाची असते की भाषेची? त्याचे उत्तर ‘दोन्हींची’ असे निघते. भाषा कच्ची असेल तर वाचनाचे कौशल्यही हात देत नाही. मराठीत अग्रलेख वाचून त्याचा रोख सांगू शकणारा विद्यार्थी इंग्रजी शब्दसंपदा वाढवून पुढे जाऊ शकतो. मराठीतही केवळ झिंबळ्या मोजणाऱ्याची वाट कितीतरी लांबची असते.

वेळेचे गणित

‘सगळा उतारा वाचायला वेळच नसतो’ हा कीवर्ड-पंथाचा सर्वात प्रभावी युक्तिवाद. तो आकड्यांवर तपासून पाहावा. आयईएल्टीएसच्या शैक्षणिक वाचनात तीन उतारे असतात. त्यांची एकूण लांबी २,१५० ते २,७५० शब्द असते आणि वेळ ६० मिनिटे. मिनिटाला १५० शब्द या बेताच्या गतीनेही सर्वात लांब उतारे वाचून काढायला १८-१९ मिनिटे लागतात. १०० शब्दांची गती असेल तर साडेसत्तावीस. म्हणजे उतारे एकदा पूर्ण वाचूनही प्रश्नांसाठी निम्म्याहून अधिक वेळ उरतो. गती मिनिटाला ६० शब्दांवर आली की मात्र ४५ मिनिटे वाचनातच जातात आणि परीक्षा हाताबाहेर जाते.

तेव्हा वेळ कमी नसतो, वाचनाची गती कमी असते. ती कमी असण्याचे मुख्य कारण म्हणजे अनोळखी शब्दांवर पडणारी ठेच. मजकुरातील सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे असतील तरच कोणाच्या मदतीशिवाय त्याचे पुरेसे आकलन होते, असे पॉल नेशन यांच्या संशोधनातून पुढे आले. इंग्रजीतील सर्वसाधारण ग्रंथ आणि वृत्तपत्रे यांच्यासाठी त्यांनी २००६ मध्ये आठ ते नऊ हजार शब्दकुळांचा अंदाज दिला. हा साठा महिनाभराच्या ‘क्रॅश कोर्स’मध्ये होत नाही. रोजच्या वाचनातून, तोच शब्द वेगवेगळ्या संदर्भांत भेटत गेल्याने तो साठत जातो. कीवर्डचे तंत्र हा खर्च वाचवल्याचा आभास निर्माण करते. प्रत्यक्षात खर्च पुढे ढकलला जातो आणि परदेशी विद्यापीठाच्या पहिल्या सत्रात, आठवड्याला शेकडो पाने वाचण्याची वेळ आल्यावर, व्याजासह वसूल होतो. उताऱ्यातून वाक्य उचलण्यात पटाईत असलेला विद्यार्थी तेथे प्रबंध वाचताना गोंधळतो. परिचारिकेला रुग्णाच्या नोंदीतील ‘अमुक होत नाही तोवर देऊ नये’ या वाक्यातील ‘तोवर’ निसटून चालत नाही.

परीक्षाही बदलत आहेत

परीक्षा घेणाऱ्या संस्थांनाही या आभासाची जाणीव झाल्याचे दिसते. १९६४ पासून घेतल्या जाणाऱ्या टोफेलचे स्वरूप जानेवारी २०२६ पासून बदलले आहे. वाचनविभागात परीक्षार्थीच्या कामगिरीनुसार पुढील प्रश्नांची काठिण्यपातळी ठरते. शैक्षणिक उताऱ्याच्या जोडीला सूचना, ई-मेल यांसारखे व्यवहारातील मजकूर आले आहेत, आणि परिच्छेदातील अर्धवट शब्द पूर्ण करण्याचा प्रश्नही आला आहे. या शेवटच्या प्रश्नात शोधण्याजोगा कीवर्डच नसतो; आजूबाजूच्या वाक्यांचा अर्थ लागला तरच गाळलेली अक्षरे सुचतात. विल्सन टेलर यांनी १९५३ मध्ये मांडलेल्या, शब्द गाळून आकलन मोजण्याच्या पद्धतीशी त्याचे नाते आहे. जुनी युक्ती नव्या प्रश्नांना पुरणार नाही, हे वर्गचालकांनी वेळीच ओळखलेले बरे.

मग कीवर्ड टाकून द्यावेत काय? तसे करण्याचे कारण नाही. नाव, साल, आकडा विचारला असेल तर ते खुशाल शोधावेत. मात्र शब्द सापडला की काम संपले असे न मानता, तेथून काम सुरू झाले असे मानावे. त्या वाक्याच्या आधीचे आणि नंतरचे वाक्य वाचावे. वाक्य काही प्रतिपादन करते, नाकारते, की अपवाद सांगते, हे स्वतःला विचारावे. ‘ओन्ली’, ‘अनलेस’, ‘हार्डली’, ‘ऑल्दो’ या शब्दांखाली विशेषनामांइतकीच ठळक रेघ ओढावी. मराठी वाचकाला हे अवघड वाटू नये. ‘राम आला’, ‘रामच आला’ आणि ‘रामही आला’ या तीन वाक्यांतील कीवर्ड एकच आहेत. अर्थ तीन आहेत.

शाळांना करण्याजोगी गोष्ट याहून सोपी आणि बिनखर्चाची आहे. मराठी असो वा इंग्रजी, प्रत्येक उताऱ्याखाली किमान एक प्रश्न असा असावा, ज्याचे उत्तर वाक्य उतरवून देता येणार नाही. आणि एक असा असावा, ज्याचे उत्तर ‘हे उताऱ्यात सांगितलेले नाही’ एवढेच असेल. ‘माहीत नाही’ आणि ‘येथे दिलेले नाही’ यांतील फरक ज्या मुलाला दहाव्या वर्षी कळला, त्याला विसाव्या वर्षी त्यासाठी शिकवणी लावावी लागणार नाही. मथळा वाचून मत बनवण्याच्या आणि एका शब्दावरून वाद पेटण्याच्या आजच्या दिवसांत हा फरक परीक्षेपुरता उरलेला नाही. संपूर्ण वाक्य वाचल्यावाचून मत न देणे ही नागरिकाचीही पहिली कसोटी आहे, आणि तिची तयारी करून घेणारी जागा अजूनही शाळाच आहे.